राजाच्या तोंडचा 'ये'

"मुलींना पाठशाळेत घ्यायचं नाही म्हणजे नाही!" सोनवळचे राजे रणधीरराव असे गरजले की सदरेवर झोपलेली त्यांची लाडकी मांजर उठून खांबामागे गेली.

सदरेच्या उंबऱ्याबाहेर भिवरा उभी होती. नावाड्याची लेक, वयानं चौदा-पंधराची, पण भर पुरात नाव हाकणारी. मागे गावातल्या मुलींचा घोळका. महाराजांनी नवी पाठशाळा काढली होती आणि तिथे मुलांना पोहायला, घोड्यावर बसायला, भांडणं मिटवायला, चारचौघांत न अडखळता बोलायला शिकवत होते. भिवराला पोहायला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तिची मैत्रीण तानी! गेल्या साली तानीची शेळी पाटलाच्या मेहुण्यानं "ही माझीच" म्हणून ओढून नेली, आणि पंचांसमोर बिचारीच्या तोंडून शब्द फुटला नाही. ते भिवराच्या मनाला फार लागलं होतं.

"का घ्यायचं नाही, महाराज?"

"कारण तिथे आम्ही पुढारी घडवतो! काठी न उगारता, खोटं न बोलता, समोरच्याकडून आपल्याला हवं ते करवून घेतो तो पुढारी. जमेल तुला?"

"जमवून बघते की!"

महाराज जितके हट्टी, तितकेच पैजेचे शौकीन. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग ऐक! सूर्य मावळायच्या आत माझ्या तोंडून 'ये' काढून दाखव. निघाला, तर उंबरा ओलांडून आत पाऊल टाक, पाठशाळा मुलींना खुली! नाही निघाला, तर पुन्हा कुणा मुलीनं हे मागणं घेऊन इथे उभं राहायचं नाही. कबूल?"

तानीनं मागून भिवराचा परकर ओढला. नको म्हणून.

"कबूल!" भिवरा म्हणाली.

झालं! महाराजांनी तोंडाला कुलूपच घातलं. "पाणी घेऊन ये," म्हणायची वेळ आली, तर म्हणाले, "पाणी इकडे पोचव!" मांजरीला बोलवायचं, तर नुसतंच चुक् चुक्. मांजर ढिम्म! झोपाळ्यावर बसलेल्या आईसाहेब पदराआड हसत होत्या.

भिवरानं पहिला डाव टाकला. "महाराज, 'य'ला एक मात्रा दिली, तर काय होतं?"

"मात्रा आमचे वैद्य देतात, त्यांना विचार!"

मुलींनी कपाळाला हात लावला. भिवरानं दुसरा डाव टाकला. "महाराज, तुमच्या मांजरीला मी दूध ठेवलंय. हाक मारा ना तिला!"

"तिला भूक लागली की तिचे पाय तिला आणतील!" महाराज खूश होऊन झोपाळ्याकडे बघू लागले. "बघितलंत, आईसाहेब? आमच्याशी गाठ आहे!"

भिवराचा चेहरा उतरला. आता खरंच काही सुचेना. मागे उभ्या सगळ्याजणी तर तिच्याच भरवशावर आल्या होत्या. ती देवडीवर जाऊन भिंतीला टेकून बसली. तिथला पहारेकरी जेवणानंतर भाल्याला टेकून चक्क घोरत होता. तेवढ्यात देवघरात फुलं पोचवून म्हातारी माळीण बाहेर पडली.

"येते रे बाबा!" ती म्हणाली.

"या मावशी, या!" पहारेकरी डोळे मिटल्या मिटल्या म्हणाला, आणि त्याचं घोरणं पुढे सुरू झालं.

भिवरा खुदकन हसली. मग तिनं ओटीतून चिंचा काढल्या आणि निवांत चघळत बसली.

"अगं, बोल की काहीतरी!" तानी रडकुंडीला आली.

"चिंच खा."

दुपार कलली. पोरगी बोलत का नाही, म्हणून महाराज उगाचच चुळबुळ करू लागले. शेवटी उन्हं खिडकीतून निघून गेली, सूर्य डोंगराला टेकला. भिवरा उठली, परकर झटकला, उंबऱ्याबाहेरून वाकून नमस्कार केला.

"दिवसभर आम्हाला सहन केलंत, महाराज. आता घरी आई वाट बघत असेल. येते हं!"

महाराजांचा जीव भांड्यात पडला. चेहरा खुलला. "ये, पोरी, ये! अंधार पडतोय, सांभाळून..."

बघतात तो काय, भिवरा उंबरा ओलांडून थेट सदरेवर उभी होती!

"आले, महाराज!"

"अगं, ते... ते तर निरोपाचं 'ये' होतं!"

"बोलावण्याचं की निरोपाचं, हे कुठे ठरलं होतं? आणि निरोप द्यायचा होता, तर 'जा' म्हणायचं!"

"जा?" आईसाहेबांनी झोपाळा थांबवला. "दारातून निघालेल्या लेकीला तू 'जा' म्हणाला असतास ना रणधीर, तर आज तुला पानावर बसू दिलं नसतं!"

महाराज एकदा आईकडे, एकदा भिवराकडे बघत राहिले. मग हसू फुटलं ते असं, की पहारेकरी भाला सोडून जागा झाला. "फसवलंन् हो पोरीनं! खोटं नाही, काठी नाही, आणि बरोब्बर काढून घेतलंन्! पाठशाळा खुली! वर बक्षीसही माग!"

"ते तानी मागेल," भिवरा म्हणाली आणि बाजूला झाली.

तानी पुढे आली. ओठ हलले, आवाज येईना. भिवरा नुसती तिच्याकडे बघत राहिली. तानीनं डोळे गच्च मिटले आणि ओरडलीच, "माझी शेळी! पाटलाच्या मेहुण्यानं नेली, महाराज! डाव्या कानावर पांढरा ठिपका आहे, आणि ती माझीच आहे!"

"शिपाई! शेळी सोडवून आणा! आणि त्या मेहुण्यालाही उद्या हजर करा!"

मुलींनी एकच गिल्ला केला आणि जायला वळल्या. "येतो आम्ही, महाराज!"

महाराजांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं. आईसाहेबांनी डोळे वटारले. मग हात खाली घेऊन महाराज खदखदून हसले.

"या गं बायांनो, या! उद्या सकाळीच या!"