रंगाखालची माणसं

एका गावात सुभाना नावाचा एक भोळा रंगारी होता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावी तर त्यानेच. पण सांगितलेलं तो इतकं तंतोतंत करायचा, की दुसरं कुठलंच काम त्याच्याकडे टिकायचं नाही. शेवटी मामाने त्याला शहरात एका मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली लावलं. आई म्हणाली, "हे काम घालवलंस तर उंबऱ्यात पाय ठेवू नकोस."

चित्रकार रत्नपारखी सर एका नाट्यगृहासाठी भिंतीएवढ्या कापडावर चित्र काढत होते. नाव 'शहराची धावपळ'. त्यात शहर नव्हतं आणि धावणारंही कुणी नव्हतं. तांबडे फटकारे, पिवळे शिंतोडे आणि काळे ओघळ तेवढे होते.

सर जेवायला गेले. सुभानाने सगळे ओघळ फडक्याने पुसून काढले. रंग बैलाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून हाताला लागलेली सवय.

सर किंचाळले, "गाढवा! ओघळ म्हणजे तर शहराचा वेग! वाहतंय ते वाहू द्यायचं!"

"बरं सर."

दुसऱ्या दिवशी सरांच्या झब्ब्यावर रंगाचा डबा कलंडला. सुभाना हाताची घडी घालून उभा.

"बघतोस काय? पाणी आण!"

"वाहू द्या की सर. चांगला वेग घेतलाय."

"मूर्खा, ते चित्रात! माणसावर रंग पडला की आधी धुवायचा, मग बोलायचं!"

"बरं सर."

तिसऱ्या दिवशी चित्र पुरं झालं. संध्याकाळी उद्घाटन. दुपारी वर्तमानपत्रात चित्रांवर लिहिणारे एक गृहस्थ आले. चार पावलं मागे गेले, दोन पुढे आले, मान तिरकी केली.

"वा! काय गर्दी! शेकडो माणसं धावताहेत. आणि हा इथे एकजण धापा टाकतोय."

"दिसला तुम्हाला?" सर गहिवरले. "मलाही आत्ताच दिसला."

दोघे चहाला गेले. सुभानाने चित्र जवळून पाहिलं. त्याला माणूस दिसेना. पण शिकलेले लोक खोटं कशाला बोलतील? म्हणजे माणसं रंगाखाली बुडाली असणार. एक तर धापा टाकतोय!

सुभाना घाबरला. त्याने चार बादल्या पाणी आणलं, काथ्याचा कुंचा घेतला. रंग ओलाच होता. भराभर उतरला.

सर आणि ते गृहस्थ परतले तेव्हा कापड पांढरंफटक झालं होतं.

"चालता हो!" सर कसेबसे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता चालता हो!"

"मी का, सर?" सुभाना घाम पुसत म्हणाला. "घालवायचं तर ह्या साहेबांना घालवा. पार कापडापर्यंत धुऊन बघितलं. आत कुणीच नव्हतं."