चित्र अडकलं तेव्हा

“मास्तर, मला एकट्याला माईक देणार कधी?”

तेजसने हे विचारलं तेव्हा कबड्डीचा सामना सुरू व्हायला थोडाच वेळ होता. मयेकर मास्तरांनी आधी रेडिओवर, मग टीव्हीवर समालोचन केलेलं. आता म्हातारपणी तालुक्याचे सामने मोबाइलवर थेट दाखवतात, तिथं बोलायचे. तेजस त्यांच्याकडे शिकत होता.

“माईकसमोर भीती वाटते का रे?”

“भीती? छे हो! मला कसली भीती?”

“मग राहू दे अजून.”

तेजसचं तोंड एवढंसं झालं. पोराचा आवाज खणखणीत होता, खोटं कशाला बोला. पण त्या आवाजानेच तो जरा चढला होता. मास्तरांनी त्याला एकटा सोडला नाही, शेजारी बसले आणि माईक त्याच्या पुढ्यात सरकवला.

सामना रंगला. तेजस तर सुटलाच होता. दिगंबर घाग चढाईला आला. तिघांनी त्याला कमरेत धरला, उचलला आणि खाली आणला.

“उचलला! आपटला! अहो, हाडांचा चुरा केला, चुरा!”

तिघे उठले. दिगंबर उठला नाही.

मान एका बाजूला, हात अंगाखाली. शिट्टी वाजली. मैदान असं गप्प झालं की मांडवाचं कापड फडफडलेलं ऐकू येत होतं.

तेजसने घाईघाईने माईकचं बटण बंद करायला हात नेला.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने समोरचा मोबाइल त्याच्याकडे वळवला. बघणाऱ्यांचे निरोप त्यावर येत होते.

‘चित्र अडकलं.’

‘इकडे रेंज नाही, नुसता आवाज येतोय.’

आणि त्याखाली, ‘मी दिगंबरची आई. चित्रात तो पडलेलाच दिसतोय. हाडांचा चुरा म्हणजे काय झालं? कुणीतरी सांगा.’

तेजसने ते दोनदा वाचलं. आपणच म्हणालो ते… आपणच!

“मास्तर, तुम्ही बोला.” माईकवर तळवा दाबून तो कुजबुजला. “माझ्याने नाही होणार.”

मास्तरांनी मान हलवून नकार दिला.

“बरा आहे म्हणून सांगू का?”

“बरा आहे?”

“माहीत नाही…”

“मग?”

“तो मेला असला तर, मास्तर?”

“तुला काय दिसतंय?”

तेजसने मैदानाकडे बघितलं. बघवत नव्हतं, तरी बघितलं. मग तळवा काढला. तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“दिगंबर अजून पडलेला आहे… मघाशी मी हाडांचं बोललो, ते उगाच बोललो. मला काही माहीत नाही. डॉक्टर धावत आलेत. मान दोन्ही हातांनी धरून ठेवलीय. कुणाला हलवू देत नाहीत…”

मास्तरांची पकड मनगटावर तशीच होती.

“दिगंबर हललेला नाही. डॉक्टर वाकून त्याच्याशी बोलतायत… अजून बोलतायत…”

तो थांबला. मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे सारला.

“डोळे… डोळे उघडलेत त्याने. हाताची बोटं हलली. उजव्या हाताची. आता डाव्याचीही. स्ट्रेचर आलंय.”

मोबाइलवर त्या बाईचा निरोप आला. नुसतं ‘बोलत राहा’ एवढंच.

तो बोलत राहिला. दिगंबरला उचललं ते, शेजारी कोण चाललंय ते, दवाखान्याच्या गाडीत आधी पाय गेले की डोकं, तेसुद्धा. गाडी फाटकाबाहेर गेली, तेव्हा कुठे मास्तरांनी मनगट सोडलं.

तेजसने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मास्तरांनी बघितलं आणि नजर मैदानाकडे वळवली. दुसरा खेळाडू चढाईसाठी तयार होता.

“मास्तर…”

“हं.”

“ती बोटं हललीच नसती तर? मग मी काय बोललो असतो?”

मास्तरांनी मोबाइल पुन्हा त्याच्याकडे वळवला.

“तरी त्याची आई तिकडे ऐकतच बसली असती.”