ज्याचं त्याचं तोंड

त्या राज्यातले सगळे दिवे समुद्राच्या पोटातून काढलेल्या काळ्या रसावर जळत. त्यासाठी किनाऱ्यापासून फार दूर, जिथे ऊन कधीच पोचत नाही अशा खोल तळाला छिद्रे पाडली होती. आता रस आटत आला होता आणि राजाने ती छिद्रे कायमची बुजवायचे ठरवले होते. रस काढायला गेलेल्यांच्या मिरवणुका निघाल्या होत्या. बुजवायला निघालेल्यांना निरोप द्यायलाही कोणी आले नव्हते.

शेवटच्या तीन छिद्रांवर तिघे जलचर होते: लांब मिशांचा मुकादम शेवंड, लांब हातांचा माकूळ आणि कुर्ली नावाची तरुण खेकडी. छिद्राला ते 'तोंड' म्हणत. ज्याला जे नेमून दिलेले, ते त्याचे तोंड.

"कुर्ले, तुझं तोंड आज फार बडबडतंय," मुकादम म्हणे.

"तुमचं तर कालपासून वास मारतंय, मुकादम," कुर्ली म्हणे, आणि माकूळ हसून हसून वेडावाकडा होई.

काम मात्र गमतीचे नव्हते. किनाऱ्यावरून आलेला चुना वाळूत कालवून छिद्रात ठासायचा आणि तो घट्ट होईपर्यंत त्यावर पोट टेकून पडून राहायचे. खालची थरथर पार थांबली की म्हणायचे, "गप झालं." तोवर उठायचे नाही, मग भूक लागो की आणखी काही होवो.

कुर्लीला मात्र पडून राहणे जड जाई. तिचे पाय आपोआप वाळू उकरत. तिच्या आईचे कवच टाकायचे दिवस जवळ आले होते. कवच टाकले की म्हातारी लोण्यासारखी मऊ होऊन किनाऱ्यावरच्या खडकाच्या कपारीत बसे आणि नवे कवच टणक होईपर्यंत कुर्ली दाराशी पहारा देई. पहारा नसला तर वाम नावाचा लांबलचक मासा आत शिरून लचके तोडी. आपल्या जागी बदली येईल आणि आपण वेळेत पोचू, या भरवशावर कुर्ली इथे आली होती.

बदली आली नाही. किनाऱ्यावर खोकल्याचा रोग पसरला होता. चुनाही यायचा थांबला. निरोप आणणारा कुरव पक्षी पूर्वी लाटेवर उतरून गप्पा मारी. आता तो उंचावरूनच ओरडला, "राजाचा हुकूम! प्रत्येकानं आपापलं तोंड झाकावं! जो झाकणार नाही, त्याला किनारा बंद!"

वर गेलेल्या मुकादमाने तो ऐकला आणि आनंदाने उड्या मारतच तो तळाला आला. "बुजवायचं नाही, नुसतं झाकायचं! झाका आणि घरी चला!"

तिघांनी तीन मोठे शिंपले ओढत आणले आणि आपापल्या तोंडावर पालथे घातले. माकूळ तर शिंपल्यावर बसून गाऊ लागला. कुर्लीलाही घर दिसू लागले होते. तरी सवयीने तिने शिंपल्यावर पोट टेकले. खाली थरथर होती. कडेने केसाएवढा काळा धागा बाहेर येत होता.

"मुकादम, झाकलंय, पण गप झालेलं नाही."

"हुकूम झाकायचा आहे, गप करायचा नाही."

"आणि धागा? काय रे माकुळा?"

"माझीच शाई असेल गं," माकूळ दुसरीकडे बघत म्हणाला.

कुर्लीला राहवेना. तिने माकुळाला गळ घातली आणि त्याच्या पाठीवर बसून ती वर गेली. कुरव घिरट्या घालत होता.

"कुणाचं तोंड झाकायचं?" तिने ओरडून विचारले.

"ज्याचं त्याचं!" कुरव म्हणाला. "आणि लांब राहा!"

त्यांना न्यायला कासव आले, तसे मुकादम आणि माकूळ लगेच त्याच्या पाठीवर चढून बसले. कुर्ली एकदा कासवाकडे जाई, एकदा शिंपल्याकडे येई. शेवटी ती म्हणाली, "मुकादम, आईच्या दाराशी बसाल?"

मुकादमाने मिशा हलवल्या. तो होकार होता की नकार, ते कळायच्या आत कासव निघाले.

चुना नव्हता, पण चुना होतो तो शिंपल्यांचाच. कुर्लीने आपल्या तोंडावरचे झाकण उलटे केले आणि नांगीने फोडायला घेतले. झाकण गेले म्हणजे हुकूम मोडला, हुकूम मोडला म्हणजे किनारा बंद. प्रत्येक घावाला तिला आईची कपार दिसे आणि नांगी अडखळे. तरी तिने भुगा केला, चिखलात मळला, ठासला आणि वर पडून राहिली. गप झाले. मग तिने माकुळाचे तोंड घेतले. मग मुकादमाचे. तिच्या नांगीचे टोक झिजून बोथट झाले होते.

ती मुकादमाच्या तोंडावर पडून होती तेव्हा पुन्हा कुरवाचा आवाज आला. पाण्यातून तो अस्पष्ट उतरत होता. "रोग ओसरला! तोंडं उघडा! सगळ्यांनी तोंडं उघडा!"

कुर्लीने सगळे पाय वाळूत रोवले. "नाही उघडणार," ती पुटपुटली. "मला किनारा नको. नाही उघडणार."

इतक्यात कासव खाली आले. त्याच्या जबड्याच्या एका बाजूला शेवाळाचे रुंद पान लोंबत होते.

"कासवमामा, हे काय?"

"तोंड झाकायचं पान. किनाऱ्यावर सगळ्यांनी बांधलं होतं. तुमचे दोघे उघड्या तोंडानं आले आणि छाती काढून सांगायला लागले, झाकलं म्हणून! दोन दिवस बाहेरच उभे केले त्यांना."

कुर्ली पानाकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "आई?"

"मुकादम बसलाय दाराशी. पण उशिरा पोचला. वामनं एक पाय नेला. पुढच्या कवचाबरोबर नवा येईल, असं म्हातारी स्वतःच म्हणते. वाट बघतेय तुझी. चल."

कुर्ली उठली नाही. तिच्या पोटाखाली अजून थरथर होती; बारीक, पण होती.

कासवाने तिच्याकडे पाहिले. मग ते सावकाश पुढे झाले आणि त्याने आपले अवजड अंग तिच्या शेजारी त्या तोंडावर टेकवले. त्याला श्वास घ्यायला वर जायचे होते. ते गेले नाही.

वर कुरव ओरडत फिरत होता, "तोंडं उघडा! तोंडं उघडा!" आणि खाली, काळोखात, ती दोघे ओठ घट्ट मिटून ऐकत होती.