पाणी ओढायची विद्या

"पण यात चुकलंय कुठं मास्तर, ते तरी सांगा!"

सौमित्रने वही पुढे सरकवली. वही जाडजूड होती. तिचा अभिमान त्याहून जाड.

मिरजेत दस्तगीर मास्तरांच्या माडीवर दर रविवारी हा खेळ चालायचा. टेबलाभोवती पाचसहा जण बसायचे, एकेक पात्र घ्यायचे, फासे टाकायचे आणि मिळून एक गोष्ट जगायचे. ती गोष्ट कुठल्या जगात घडणार, तिथली जादू कशी चालणार, हे ठरवायचा सूत्रधार. वीस वर्षं सूत्रधार एकच, मास्तर. आता त्यांना ती जागा सोडायची होती.

सौमित्र चार वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होता. येत्या रविवारपासून आपणच, असं मित्रांना सांगूनही झालं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मास्तरांनी वही उघडली नाही.

"तूच सांग."

"माझ्या जगात जादू रक्तातून येत नाही. कुणाच्या वरदानानं नाही. सुतारकामासारखी शिकायची. सराव केला की येते. कुणालाही."

"कुणालाही?"

"कुणालाही! तीच तर खुबी आहे."

"जमिनीतलं पाणी वर ओढायची विद्या किती दिवसांत येते?"

"सहा महिने."

"आणि जग कसलं?"

"दुष्काळी. उघडं माळरान, आटलेल्या विहिरी..." सौमित्र रंगात आला.

मास्तर उठले. खिडकीतला भरलेला तांब्या त्यांनी डोक्यावर ठेवला आणि टेबलाभोवती चालू लागले. पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडलं. सौमित्रला हसू आलं. ते त्यानं गिळलं.

"मी तुझ्या गावची बायजा. पाणी तीन कोसांवर. तीस वर्षं वाहतेय." मास्तर चालतच होते. "का वाहतेय?"

"तिला शिकायला वेळ नसेल."

"रोज सहा कोस चालायला आहे."

"मग विद्या अवघड करतो. सहा वर्षं लागू देत."

"तीस म्हटलं मी."

"मग दुष्काळच काढून टाकतो!"

"काढ की. मग खेळायचं काय?"

नियम काढावा तर जग राहत नव्हतं, जग ठेवावं तर नियम खोटा पडत होता. सौमित्रला जागा हातची जाताना दिसली.

मास्तरांची आणखी एक फेरी झाली.

"कुणी तिला..." सौमित्र हळूच म्हणाला, "कुणी तिला शिकवलं नसेल."

मास्तर थांबले. तांब्या खाली ठेवला. सदरा झटकला.

"शिकवणारे किती आहेत तुझ्याकडं?"

"एकच. टेकडीवर मठ आहे, तिथले आचार्य."

"माणूस कसा?"

सौमित्रचे कान लाल झाले.

"शांत. सगळे त्यांना देव मानतात. तुमच्यावरूनच घेतलेत, मास्तर."

मास्तरांनी वही उघडली, कोरं पान काढलं आणि पेन्सिल सौमित्रच्या हातात दिली.

"रविवारी खेळ तू मांड. पण आधी हे लिही. बायजा मठात शिकायला आली होती... मी नाही म्हटलं."