तानूचा झिनियाचा वाफा

तानूच्या घरातलं पीठ संपलं, तेव्हा तिची आई दूरच्या गावी एका मोठ्या घरी स्वयंपाकाला निघाली. तानूला तिने मावशीजवळ ठेवलं आणि तिच्या इवल्याशा ओंजळीत झिनियाच्या बियांची पुडी दिली. "होळी झाली की पेर हं राणी. फुलं आली, की मी आलेच समज."

मग काय विचारता! होळीची राख थंड होते न होते, तोच तानूने परसात चिमुकला वाफा केला, बिया पेरल्या, हळूच पाणी शिंपडलं. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच माती उकरून बघितलं.

"उगवलीस का गं?"

बी आपली गप्प. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच.

"अगं, रोज उकरलंस तर ती बिचारी रुजणार कधी?" मावशी म्हणायची. पण आईची आठवण आली, की तानूला राहवायचंच नाही. तिला आई हवी होती, बाकी काही म्हणता काही नको होतं.

सहाव्या दिवशी बघते तर काय, बियांना पांढरेशुभ्र, नाजूक कोंब फुटलेले, आणि तिच्याच बोटांनी ते तुटलेले! तानू हमसून हमसून रडू लागली.

इतक्यात रुणझुण रुणझुण आवाज झाला. केशरी, गुलाबी, जांभळ्या पंखांची एक इवलीशी परी झगमगत डाळिंबाच्या पानावर उतरली.

"रडू नकोस, बाळा. काय हवं ते माग. पण स्वतःसाठी एकदाच मागता येतं हं, आणि मागितलेलं बदलता येत नाही."

'आई' हा शब्द तानूच्या अगदी ओठांवर आला होता. पण तिची नजर कोंबांवर गेली. उन्हात ते मलूल होऊन पडले होते.

"परीताई, यांना बरं कर ना गं. माझ्यामुळे तुटले ते."

परीने पंख झटकले. सोनेरी चुरा मातीवर भुरभुरला आणि कोंब अलगद मातीत शिरले. "आता मात्र उकरायचं नाही. उकरलंस की जादू संपली!"

सोपं का होतं ते? तानू रोज वाफ्याशी बसायची ती चक्क स्वतःच्या हातांवर बसायची! हिरवी पानं आली, टपोऱ्या कळ्या आल्या. वैशाखातल्या एका सकाळी लाल, पिवळी, गुलाबी फुलं उमलली. तानू धावत फाटकाशी गेली. वाट बघून बघून तिचे डोळे दुखले. एक दिवस गेला, दोन गेले. आई काही आली नाही.

तिसऱ्या दिवशी एका फुलावर परी येऊन बसली. "तानू, मागतेस ना?"

"माझं तर मागून झालं, परीताई."

"ते कोंबांसाठी होतं, वेडे. स्वतःसाठी कुठे मागितलंस अजून?"

"आई!" तानू ओरडलीच.

परी हसली. लखलख लखलख उजेड पडला आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली. तानूने डोळे उघडले, तर फाटकात आई! धापा टाकत होती, हाताला कणीक तशीच.

"कणीक मळत होते बघ. तुझी हाक ऐकू आली आणि मला राहवेचना."

"परत जाणार तू?"

"नाही गं माझ्या राणी. आता इथेच काम बघेन."

तानूने आईच्या गळ्याला अशी काही मिठी मारली, की सुटता सुटेना. मावशीही डोळे पुसत बाहेर आली. त्या दिवशी फुलांकडे मात्र कुणी ढुंकूनही बघितलं नाही.