पहिली मूठ दहिवराच्या परीला

ज्वारीची ताटं जिथे इतकी उंच वाढत की पहाटेच्या चांदण्यांना त्यांच्या गुदगुल्या होत, त्या शेवरवाडी नावाच्या चिमुकल्या गावात शेवंता नावाची एक मुलगी राहत असे. मळ्याच्या बांधावर तिचं झोपडं होतं. त्यात एक चूल होती, एक वाकळ होती आणि दोन माणसं होती: शेवंता आणि तिची आई यमुना. थंडीच्या रात्री ती एकुलती एक वाकळ कधी आई शेवंताकडे सरकवी, तर कधी शेवंता आईकडे. आणि दोघीही आपण गाढ झोपलो आहोत असं सोंग करत.

मळ्याचे मालक होते दामूअण्णा. दर हिवाळ्यात ते हुरड्याचा उत्सव भरवत. शहरातली माणसं दोन दिवसांच्या सुट्टीला येत, बैलगाडीतून हिंडत, रंगीबेरंगी पतंग उडवत आणि रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणत. पण सगळ्यांचा जीव अडकलेला असे तो आगटीत. आगटी म्हणजे जमिनीतला छोटासा खड्डा. त्यात गोवऱ्यांचे निखारे फुलवायचे, ज्वारीची हिरवी, कोवळी कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची, म्हणजे पाचूसारखे दाणे टपटप मोकळे होतात. तोच हुरडा! शेवरवाडीत मात्र एक रीत होती. पहिली मूठ चोळणाऱ्याने स्वतः खायची नाही. ती समोरच्याच्या तळहातावर ठेवायची.

यंदा आगटीचं काम यमुनेकडे आलं होतं. अण्णा म्हणाले होते, "हे बघ यमुने, पाहुणे खूश झाले तर मळ्यावरचा स्वयंपाक वर्षभर तुझ्याकडे. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

दुसरं माणूस आलं की बांधावरचं झोपडंही त्याचंच होणार, हे शेवंताला कुणी न सांगताच कळलं होतं.

उत्सवाच्या दिवशी पहाटे ती गोवऱ्या आणायला गेली आणि जागच्या जागी थबकली. रचून ठेवलेल्या साऱ्या गोवऱ्या दहिवरात भिजून चिंब झाल्या होत्या. त्यांच्यावरचं गोणपाट कुठे होतं? ते तिनेच काढलं होतं. काल तिन्हीसांजेला कळपातून चुकलेलं एक इवलंसं कोकरू कुडकुडत दाराशी आलं होतं. त्याला तिने त्या गोणपाटात गुंडाळलं आणि गोवऱ्या झाकायचं साफ विसरून गेली.

"आये, माझ्यानं चूक झाली," ती रडवेली होऊन म्हणाली.

यमुनेने ओल्या गोवऱ्यांकडे पाहिलं. मग कोकराकडे पाहिलं.

"कोकरू वाळलं का?"

"हो."

"मग एक तरी वाळलं म्हणायचं! जा, कणसं खुडून आण. तोवर मी चटणी वाटते. बघू काय होतं ते."

कोकराला कडेवर घेऊन शेवंता ज्वारीत शिरली. पानापानावर दहिवर लुकलुकत होतं. तिने एका कणसाला हात घातला, तोच एक नाजूक आवाज किणकिणला, "अगं हळू! माझा झोका मोडशील ना!"

पानाच्या टोकावर अंगठ्याएवढी परी बसली होती. तिचे पंख पाण्याच्या पापुद्र्यासारखे होते आणि झग्यावर जांभळ्या, गुलाबी, सोनेरी रंगांची झिलमिल चालली होती.

"मी दहिवराची परी," ती म्हणाली. "तुमच्या गोवऱ्यांवर पडले ती मीच. रोज तिथे गोणपाट असतं गं. आज नसेल, हे मला कसं कळणार?"

"मग त्या वाळवून दे ना!"

"भिजवणं येतं मला, वाळवणं येत नाही," परी ओशाळून म्हणाली. "पण हे घे."

तिने शेवंताच्या तळहातावर दोन थेंब ठेवले. प्रत्येकात एकेक इंद्रधनुष्य मावलं होतं.

"एका थेंबात एक मागणं. अटी दोनच. मागणं स्वतःसाठी नसावं, आणि ऊन थेंबाला शिवायच्या आत ते बोलून टाकावं."

"आईसाठी चालेल?"

"चालेल की!"

शेवंताचा चेहरा उजळला. पण तेवढ्यात कडेवरचं कोकरू भुकेने केविलवाणं ओरडलं. शेवंता चटकन म्हणाली, "आधी याला याची आई मिळू दे."

एक थेंब घुंगरासारखा वाजला आणि विरून गेला. दूर बांधापलीकडून मेंढरांची बें-बें ऐकू येऊ लागली.

आता उरला एकच थेंब. वडाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं. शेवंता मागणं बोलणार, इतक्यात तिचं लक्ष परीकडे गेलं. तिच्या झग्याचे रंग फिके होत चालले होते.

"तुला काय होतंय?"

"काही नाही गं. ऊन आलं की मी जाते. रोजचंच आहे."

"मग हुरडा कधी खातेस?"

परी हलकेच हसली. "रात्रभर या कणसांना मी गोंजारते, पण एक दाणासुद्धा चाखलेला नाही. शेकोटी विझल्यावर मी उतरते आणि आगटी पेटण्याआधी निघते. पण ते राहू दे. आईसाठी काय मागतेस? बोल लवकर!"

शेवंताला ती एकुलती एक वाकळ आठवली, झोपडं आठवलं. ऊन वडावरून खाली सरकत होतं. मग तिला चटणी वाटणारे आईचे हात आठवले. 'मागणं नसलं तरी आईला तिचे हात आहेत,' ती मनाशी म्हणाली. 'हिला काय आहे?'

तिने डोळे मिटले. "परीला आज शेकोटीपर्यंत राहू दे."

थेंब वाजला, आणि पानावरच्या परीच्या जागी शेवंताएवढीच एक मुलगी उभी राहिली, पांढऱ्याशुभ्र परकर-पोलक्यात. पाहुण्यांना ती गावातली वाटली, गावकऱ्यांना पाहुण्यांतली.

दोघी कणसं खुडून आगटीपाशी पोहोचतात तो काय, सगळीकडे मेंढरंच मेंढरं! एका मेंढीने धावत येऊन कोकराला चाटचाट चाटलं. त्यांचा म्हातारा धनगर, बिरूमामा, शेवंताच्या डोक्यावरून हात फिरवीत म्हणाला, "रातभर हुडकत हुतो गं लेकी! आन् ह्या आगटीला काय झालं? गोवऱ्या भिजल्या? एवढंच व्हय! माझ्या घोड्यावर सुक्या लेंड्यांचं पोतं हाय. बग कसा निखारा फुलतोय त्यो!"

आणि खरोखरच फुलला! सोन्यासारखा, केशरासारखा, लालबुंद!

"एवढी मेंढरं!" अण्णांनी कपाळाला हात लावला. "पाहुणे काय म्हणतील?"

पण पाहुणे काही म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हते. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक कोकरू होतं. एका छोट्या पाहुण्याने विचारलं, "आई, हे पॉपकॉर्न हिरवं का आहे?" तेव्हा यमुना म्हणाली, "बाळा, हे न फुटताच गोड लागतं."

शेवंताने पहिलं कणीस चोळलं, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि ती पहिली मूठ परीच्या तळहातावर ठेवली.

परीने दाणे तोंडात टाकले. तिचे डोळे विस्फारले. "गरम आहे!" ती कुजबुजली. गरम म्हणजे काय, हे तिला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

मग दिवसभर धमाल उडाली. परी बैलगाडीत बसली, तिने पतंगाचा मांजा हाती धरला, आणि यमुनेची जवसाची चटणी खाऊन तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. चटणीचं पातेलं तर दुपारीच रिकामं झालं, आणि पाहुणे ते पुसून खाऊ लागले.

रात्री शेकोटीपाशी अण्णांनी विचारलं, "यमुने, उद्या न्याहारीला काय करशील?"

"थालीपीठ करीन, अण्णा."

"आणि परवा?"

यमुना गोंधळली. "परवा तर पाहुणे नसतील."

"मी असेन की! आणि पुढचे पाहुणे येतील. रोज काय करायचं, ते आता तूच ठरव."

यमुनेने पदर डोळ्यांना लावला. शेवंता आनंदाने परीकडे वळली. शेकोटी विझत आली होती.

"मला वाळवणं येत नाही," परी तिच्या कानात म्हणाली, "पण न पडणं येतं!" तिने शेवंताच्या कपाळावर थंडगार पापा दिला. शेकोटीतून ठिणग्यांचं कारंजं उसळलं, त्यात परीचा झगा पुन्हा सप्तरंगांत लखलखला, सारा मळा क्षणभर उजळून निघाला, आणि मग वर फक्त चांदण्या उरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारी शेवरवाडी दहिवरात न्हाली होती. फक्त गोवऱ्यांचा ढीग कोरडा ठणठणीत होता.

"अगं, गोणपाट कुठंय?" यमुनेने चकित होऊन विचारलं.

"कोकराला दिलं, आये. ते पांघरूनच गेलं ते."

पुढच्या हिवाळ्यात त्या झोपडीत दोन वाकळी होत्या. आणि आगटी पेटली की शेवंता पहिली मूठ बांधावरच्या ज्वारीच्या पानावर ठेवून येई. परत येऊन पाहिलं, तर दाणे नसत. तिथे एक थेंब असे, जो भर दुपारच्या उन्हातही वाळत नसे.