वरचा पाव

टेकडीवरच्या आळीत नळ आला की सत्यनारायण घालीन, असा नवस अनसूयावहिनींनी कधीकाळी केला होता. पुढं त्या विरोधी पक्षातर्फे नगरपालिकेत निवडून आल्या आणि भर सभेत त्यांनी पाणीसमितीत जागा मागितली.

नगराध्यक्ष आप्पासाहेब मिशीत हसले. "वहिनी, आम्ही बारा, तुम्ही तीन. तुमची गरजच काय?"

"बरं बाई! उद्या नळयोजनेची पूजा तुमच्याकडेच ना? मग प्रसादाला रवा एकच किलो घ्या. वरचा पाव कशाला?"

"भलतंच! सव्वाशिवाय प्रसाद होतो का?"

"मग आप्पासाहेब, बाराचा पाव तीनच की! तो वगळून योजना तडीला कशी जाईल?"

सभागृह खदखदून हसलं. आप्पासाहेबांनी स्वतःच वहिनींना समितीत घेतलं, आणि दिवाळीआधी टेकडीवर नळ वाहू लागला. वहिनींनी सत्यनारायण घालून नवस फेडला.

बायांनो, तुम्हीही नवस करा, आणि आपला वरचा पाव मागायला लाजू नका.